दोनदाचे

यवतमाळकडे जाणारी एसटी आमच्या फाट्यावर थांबते, तेव्हा जुने ड्रायव्हर इंजिन बंद करून निवांत तंबाखू चोळतात. नवे ड्रायव्हर हॉर्न वाजवतात. गावातून फाट्याकडे येणारा रस्ता सरळ आहे, मधे झाड नाही की घर नाही. खांद्याला बॅग लावलेला माणूस शिवेच्या दगडापर्यंत चालत येताना लांबून दिसतो. दगडाजवळ तो थांबतो, आणि समोर बस उभी असताना पाठ फिरवून गावाकडे चालू लागतो. नव्या ड्रायव्हरला वाटतं, याचा बेत फिसकटला. तो गिअर टाकतो. मग मागून कंडक्टर सांगतो, "थांब जरासा. दोनदाचा हाय तो, येते वापस."

आमच्या गावच्या लोकांना सगळ्या पंचक्रोशीत ‘दोनदाचे’ म्हणतात. केळापूर तालुक्यात कुणालाही विचारा. ‘आमच्या’ म्हणताना माझी जीभ जरा अडते, कारण गाव नवऱ्याचं. मी तिथे इतकी वर्षं नांदते आहे, माझ्या पोरांचं जन्मगाव तेच, शेतांच्या कोणत्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, बोर गोड आणि कोणती तुरट ते मला झोपेतही सांगता येईल. पण मी दोनदाची नाही. मी बाभुळगाववाली. आमच्याकडे सुनेला तिच्या माहेराच्या नावानं ओळखतात आणि ती ओळख तिला म्हातारपणापर्यंत पुरते. याचं मला वाईट वाटतं असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे वाईट वाटत नाही, पोटात दुखतं.

रीत अशी आहे. एक रात्र तरी बाहेर काढायची असेल तर त्याला ‘जाणं’ म्हणतात. शेतात, बाजारात, पांढरकवड्याला तहसीलमध्ये जाऊन येणं हे जाणं नव्हे. जाणारा माणूस सामान घेऊन निघतो, शिवेच्या दगडापर्यंत जातो आणि तिथून घरी परत येतो. तोवर घरातल्या बाईनं पाण्यानं भरलेला पितळी गडवा उंबरठ्यावर ठेवलेला असतो. आत पाय टाकायचा नाही. बाहेर उभं राहून पाणी प्यायचं, तळाशी घोटभर ठेवायचं आणि निघायचं. हे दुसरं निघणं खरं. उरलेला घोट घरातली बाई दारातल्या झाडाला घालते. मोटारसायकलवाले दगडाला वळसा घालून येतात. पुण्याला शिकायला जाणारी पोरं ट्रॉली बॅग दगडाला टेकवून पळत येतात, घटाघटा पितात आणि पळत जातात. कुणाला या गोष्टीची लाज वाटत नाही.

शेजारची गावं मात्र सोडत नाहीत. पंगतीत आमचे लोक बसले की कुणीतरी वाढप्याला सांगतो, हे दोनदाचे आहेत, यांच्या पानात जिलबीही दोनदा पडू दे. गावचा कुणी मेला तर लोक दबक्या आवाजात विचारतात, नक्की गेला ना. चिडवलं की दुसरं कुणी चिडेल. हे चिडत नाहीत. खुशाल हसतात, वर स्वतःच सांगतात की आम्ही दोनदाचे, आमचा भरवसा धरू नका. त्यांचं ते हसणं माझ्या डोळ्यांत खुपतं. आपल्याला मिळालेली वस्तू ज्याला मागावी लागली नाही, तोच तिच्यावर असा सहज हसू शकतो.

हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते माझ्याच लग्नाच्या दिवशी. बाभुळगावला मांडवात सगळी तयारी झालेली, आणि माझ्या काकांना फोन आला. त्यांच्या ओळखीच्या कुणीतरी फाट्यावरून पाहिलं होतं की नवरदेवाची गाडी शिवेपर्यंत आली आणि वापस फिरली. मांडवात एकच गोंधळ उडाला. बाबा खुर्चीवर बसले ते उठेनात. आईनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मीच काही बोलले असेन. शेवटी केळापूरकडचा एक पाहुणा हसत हसत म्हणाला, अहो ते दोनदाचे आहेत, पाणी प्यायला फिरले असतील. मुहूर्त टळला, लग्न तासभर उशिरा लागलं. हार घालताना मी नवऱ्याकडे रागानं पाहत होते. पण मनात कुठेतरी आवडलंही होतं. ज्या घरून दोनदा निरोप घेऊन माणूस निघतो, ते घर मलाही तसंच निघू देईल, असं मी तेव्हाच धरून चालले.

लग्नानंतरच्या पहिल्या आखाडीला, आषाढात, भाऊ मला न्यायला आला. आम्ही दोघं पायी निघालो. दगडाजवळ आल्यावर मी त्याला म्हटलं, तू थांब, मी येते. नवी होते, पण रीत शिकून घेतली होती आणि ते दाखवायची हौसही होती. पदर सावरत मी परत आले. सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. उंबरठ्यावर काही नव्हतं.

"काहून? काही भुलली का?" त्यांनी विचारलं.

बाजूला नणंद बसली होती, तिनं तोंडावर हात धरला. मी म्हटलं, रुमाल राहिला. आत गेले, खुंटीवरचा रुमाल घेतला आणि बाहेर पडले. भावाला काही सांगितलं नाही. बसमध्ये मात्र त्या रुमालाचा मला उपयोग झाला.

परत आल्यावर नवऱ्याला विचारलं. तो भला माणूस आहे, त्याला माझा प्रश्नच कळला नाही. म्हणाला, "माहेरी जाणं म्हंजे जाणं नाही न. तू तं तुह्या घरी जाऊन राह्यली होती." त्याला वाटलं तो माझं समाधान करतोय. पुढे मला कळलं की हे असं सगळ्या घरांत नाही. शेजारच्या घरी वणीकडची सून होती, तिच्या सासूनं दुसऱ्याच वर्षी तिच्यासाठी गडवा ठेवला. पलीकडच्या घरी पहिल्या बाळंतपणाला जाताना ठेवला. ज्या घरी सासू पाणी ठेवते, तिथली सून दोनदाची होते आणि मग तिला माहेराच्या नावानं हाक मारायचं लोक हळूहळू सोडतात. आमच्या घरी ती रीत नव्हती. कोणत्या सुनेला कधी पाणी मिळालं हे मला सगळं तोंडपाठ आहे. आंधळ्यानंही ओळखावं इतकी मी त्या बायांवर जळत होते.

सर्वांत जास्त नणंदेवर. दिवाळी करून ती सासरी जायला निघाली की सासूबाई सकाळपासून गडवा चिंचेनं घासत. ती दगडापर्यंत जाई, मागे वळे, ठुमकत परत येई आणि माझ्याकडे पाहून पाणी पिई. निदान मला तरी तसंच वाटे. तिचं घर दुसरीकडे होतं तरी ती दोनदाची. माझं घर इथे होतं तरी मी नाही.

मी त्या वाटेनं पुन्हा कधी मागे वळले नाही. माहेरी जायचं तर सरळ फाटा गाठायचा. कंडक्टर ओळखीचे झाले होते. माझ्यासाठी ते थांबत नसत, कारण मी एकदाची होते.

मला थोडंफार लिहायची सवय आहे. हातात नाही आलं ते माणूस लिहून आपलं करू पाहतो, तसं मी या नावाच्या मागे लागले. दोनदाचे हे नाव पडलं कसं, ते गावात विचारत फिरले. प्रत्येकाकडे वेगळी गोष्ट. कुणी म्हणालं, मूळ पुरुष गाव सोडून बिऱ्हाड घेऊन निघाला होता, दगडापाशी लेकरू पाण्यासाठी रडलं म्हणून परत आला आणि राहूनच गेला. कुणी म्हणालं, पूर्वी पुढच्या नाल्याला पाणी आलं की उतार पाहायला जावं लागे, म्हणून दोन खेपा. मारुतीच्या पाराजवळ बसणारे म्हातारे म्हणाले, आमचे बापजादे विसरभोळे होते, एवढंच. मला यातली एकही पटली नाही. आणि जिला पाणी मिळालं नाही तिनं पाण्याची कुळकथा शोधत फिरावी, याचं लोकांना हसू येई, तेही मला दिसत होतं.

मग दिरानं लग्न केलं. मुलगी आमच्याच शिवारातली, नाल्यापलीकडच्या तांड्यावरची. तिचे पणजोबा-खापरपणजोबा बैलांच्या पाठीवर धान्याच्या गोण्या लादून देशोदेशी फिरलेले, आता सगळ्यांची शेती. घरात ते लोक आपसात बंजाऱ्यांची गोरबोली बोलतात, आमच्याशी आमच्यासारखं वऱ्हाडी. दोघं कॉलेजात बरोबर होती. कचेरीत जाऊन लग्न लावून आली. सासूबाईंनी अन्नपाणी सोडलं नाही, पण बोलणं सोडलं. सुनेशी अवाक्षर नाही. काही हवं असलं तर भिंतीकडे पाहून सांगायचं. तेव्हा मला जे वाटलं ते लिहायला हवं. मला बरं वाटलं. मला पाहून, पसंत करून, मांडव घालून आणलेलं होतं, आणि तरी मी बाहेरची. आता माझ्यापेक्षा बाहेरची कुणीतरी आली होती. पहिले काही महिने मी तिच्याशी फार गोड वागले.

तिला यवतमाळजवळ लोहाऱ्याला एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी लागली. आठवडाभर यवतमाळला मैत्रिणींबरोबर राहायचं, शनिवारी घरी यायचं असं ठरलं. पहिल्या सोमवारी ती बॅग घेऊन निघाली तेव्हा मी खिडकीशी होते. सासूबाई नेहमीप्रमाणे पाठ करून बसलेल्या. ती दगडापर्यंत गेली आणि वळली. मी मनात म्हटलं, ये, तुलाही कळू दे रिकामा उंबरठा कसा दिसतो. मी तिच्यासाठी रुमालही शोधून ठेवला असता.

ती अंगणात यायच्या आत सासूबाई उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या, गडवा भरला आणि उंबरठ्यावर आणून ठेवला. तिच्याकडे पाहिलं नाही, बोलल्या नाहीत, ठेवून पुन्हा आपल्या जागी जाऊन बसल्या. ती आली, पाणी प्यायली, तळाशी घोटभर ठेवलं आणि गेली. सासूबाईंनी तो घोट दारातल्या कढीपत्त्याला घातला. घरात कुणाला काही विशेष घडलं असं वाटलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी मी भाकरी थापल्या त्यांतली एकही धड फुगली नाही.

दुपारी मी त्यांना विचारलंच. "आई, तिले काहून पाणी ठेवलं? तुम्ही तं तिच्याशी बोलत बी नाही."

"बोलणं न बोलणं माह्या मनाचं," त्या म्हणाल्या. "ते गावचीच हाय. तांड्यावरचे बी दोनदाचेच न."

तांडा आमच्याच ग्रामपंचायतीत, त्यांचा फाटा तोच, दगडही तोच. ती जन्मानंच दोनदाची होती. म्हणजे नावडती सून नाव घेऊन आली होती आणि आवडती सून नावावाचून होती. त्या दिवसापासून मी तिला पाण्यात पाहू लागले. ती सोमवारी निघाली की मी मुद्दाम मागच्या दारी भांडी काढून बसे. तरी कान पुढच्या दाराकडे असत. गडवा फरशीवर टेकल्याचा आवाज मला मागच्या दारीही ऐकू येई.

तिला यातलं काही कळत नव्हतं, किंवा कळून ती गप्प असेल. मला ती ताई म्हणे. शनिवारी आली की माझ्याजवळ बसून तुरीच्या शेंगा सोलू लागे आणि आठवडाभराचं सांगे. एका शनिवारी मी तिला सहज म्हणून विचारलं की तुमच्या तांड्यावर दोनदाचं काय सांगतात. सहज नव्हतं ते. मला वाटलं होतं तिला माहीत नसेल, आणि तेवढ्या एका गोष्टीत तरी मी वरचढ ठरेन.

तिनं शेंगा सोलता सोलताच सांगितलं. पूर्वी तांडा बैल लादून निघे, तेव्हा पहिला मुक्काम मुद्दाम जवळच टाकत, शिवेच्या थोडं पलीकडे. कारण पहिल्या दिवशी काही ना काही मागे राहतंच. एखादं जातं, एखादी घागर, कधी झोपलेलं लेकरूसुद्धा. मग एक माणूस ते आणायला पळत परत येई. गावातल्या बायांना हे माहीत झालं. परत येणारा धापा टाकत येणार आणि लगेच पळत जाणार, त्याला बसायला वेळ नाही, म्हणून त्या दाराबाहेर पाणी भरून ठेवू लागल्या. ज्या घराचं दार आधी लागेल तिथे तो पिई. तांडेवाल्यांना गावं ‘दोनदाचे’ म्हणत, कारण ते एका गावातून दोनदा जात. पुढे तांडा इथेच स्थिरावला आणि पाण्याची रीत गावानं उचलली, नावासकट. तिच्या याडीच्या वडिलांनी तिला हे सांगितलं होतं. याडी म्हणजे आई, हे तिनं मला समजावलं, जसं काही मला इतक्या दिवसांत तेवढंही कळलं नसेल.

"माहा आजा म्हणे," ती म्हणाली, "जो वापस येते त्याले पाणी. कोठचा हाय ते विचारत नाही."

माझे हात थांबले. एवढी वर्षं मी पारावर, देवळात, शाळेत विचारत फिरले, आणि गोष्ट नाल्यापलीकडे होती. तीही हिच्या घरी. नाव तिचं, पाणी तिला, आणि आता नावाची कुळकथाही तिचीच. मला त्या टोपल्यातल्या शेंगा उचलून फेकाव्याशा वाटल्या. मी म्हटलं, छान आहे गोष्ट. आणि आणखी एक मूठ सोलायला घेतली.

पण ती गोष्ट दोन दिवसांत माझ्या डोक्यात वेगळीच वळली. पाणी पहिल्यांदा ठेवलं गेलं ते गावच्या माणसासाठी नव्हतंच. ते वाटसरूसाठी होतं, ज्याचं इथे घर नाही, शेत नाही, त्याच्यासाठी. मग गावचीच हाय म्हणून एकीला द्यायचं आणि बाहेरची म्हणून दुसरीला नाकारायचं, हा कुठला न्याय? माझ्या हातात पहिल्यांदा काहीतरी सापडलं होतं. मी सासूबाईंना गाठलं, त्या कापसाच्या वाती वळत होत्या. सगळी गोष्ट ऐकवली आणि शेवटी म्हटलं, "मूळ पाणी परक्यासाठीच होतं, आई. मग मले काहून नाही?"

त्यांनी वात पुरी केली, बाजूला ठेवली, दुसरी घेतली.

"मी आली तवा केळापूरवाली होती," त्या म्हणाल्या. "आता माहे सारे केस पांढरे झाले, तरी केळापूरवालीच हाय. माह्या सासूनं मले सारी उमर पाणी देलं नाही. मी कधी वापस फिरली का? पाह्यलं का तू? मंग मले नाही भेटलं ते तुले कायले देऊ?"

मी तिथून उठून आले. वाईट वाटायला हवं होतं, त्यांच्यासाठी. थोडं वाटलंही. पण त्याहून जास्त राग आला, कारण त्यांचं म्हणणं मला शब्दन् शब्द कळलं होतं. माझ्यानंतर माझी सून येईल तेव्हा माझ्याही जिभेवर हेच येईल, हे मला त्या वातींकडे पाहतानाच उमगलं होतं. आम्ही दोघी एकाच आजारानं आजारी होतो आणि म्हणून एकमेकींना औषध देणार नव्हतो.

त्या उन्हाळ्यात त्यांच्या डोळ्याचं ठरलं. मोतीबिंदू पिकला होता, यवतमाळला ऑपरेशन, दोन रात्री तिथे. म्हणजे जाणं. सकाळी माझा नवरा त्यांना घेऊन निघाला, तो त्याच दिवशी परतणार होता. त्या नेहमीसारख्या सरळ निघाल्या, एकदाच्या. मी स्वयंपाकघरात जाऊन नळाखाली गडवा भरला आणि उंबरठ्यावर ठेवला. आणि दिराच्या हाती निरोप पाठवला की आईंना म्हणावं, वापस या, पाणी ठेवलंय.

मी हे प्रेमानं केलं असं कुणाला वाटलं तर वाटू दे. माझा हिशेब सरळ होता. एकदा माझ्या हातचं पाणी प्यायल्या की त्यांना मला नाही म्हणता येणार नव्हतं.

त्या दगडापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. फाट्यावर बस आलेली होती. मग त्या वळल्या. चालताना एका हातानं माझ्या नवऱ्याचा दंड धरला होता, डोळ्याला उन्हाचा त्रास होत होता म्हणून दुसरा हात कपाळावर. अंगणात आल्या आणि उंबरठ्यावरचा गडवा चाचपडत उचलला. त्या प्यायल्या. थांबल्या नाहीत. तळाशी घोटभर ठेवायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं असं कसं म्हणू, दुसऱ्यांचे गडवे त्यांनी जन्मभर भरले होते. पण त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत पाणी पिऊन टाकलं, ओठ पुसले आणि रिकामा गडवा माझ्या हातात दिला. कढीपत्त्याला घालायला काही उरलं नाही. मी त्यांना जाताना पाहत राहिले आणि मला सांगायलाही लाज वाटते असा विचार आला, की आता याही दोनदाच्या झाल्या. या घरात एकटी मीच उरले.

राखीला मी बाभुळगावला निघाले. त्यांचा डोळा चांगला झाला होता, काळा चष्मा लावून ओट्यावर बसत होत्या. दगडाजवळ आल्यावर पावलं आपोआप हळू झाली. मी मान वळवून घराकडे पाहिलं. उंबरठा लांबूनही दिसतो. तिथे मांजर बसलेलं होतं. मी बसमध्ये चढले आणि बाभुळगावपर्यंत मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत गेले.

दिवाळीत मी ठरवलं होतं की मान वळवायची नाही. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी निघाले. सोयाबीन निघून गेलेलं, कापसाची वेचणी सुरू झालेली, रस्त्यानं बाया शेताकडे चाललेल्या. दगड ओलांडणार इतक्यात लक्षात आलं की भाच्यांसाठी केलेल्या शंकरपाळ्यांचा डबा घरीच राहिला. खरोखर राहिला होता. फाट्यावर बस दिसत होती. मी दगडाजवळ उभी राहून स्वतःला शिव्या घातल्या. आता परत गेले तर सगळ्यांना वाटणार, हिला पाणी पाहिजे. त्या बायाही बघत होत्या. पण माहेरी लेकरांसाठी रिकाम्या हातानं जाणं मला जमलं नसतं. मी वळले.

अंगणापर्यंत खाली मान घालून आले. वर पाहिलं तर दारात जाऊ उभी होती. दिवाळीची सुट्टी म्हणून घरी होती, केस ओले, नुकतीच न्हालेली. तिनं मला लांबून वळताना पाहिलं असणार. पितळी गडवा उंबरठ्यावर होता, काठोकाठ, बाहेरून पाण्याचे थेंब ओघळत होते. ओट्यावर खुर्चीत सासूबाई काळ्या चष्म्यात बसल्या होत्या.

मी गडव्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"मी नाही सांगतलं तिले," त्या म्हणाल्या.

जाऊ बाजूला सरकली, एवढंच. इतक्या वर्षांत मी या उंबरठ्यावर किती हातांची कल्पना केली होती, त्यात हा हात कधीच नव्हता. न प्यावं असं वाटलं. पण बाया पाहत होत्या, बस थांबलेली होती, आणि घसा खरोखरच कोरडा पडला होता. मी उचललं आणि प्यायले. तळाशी घोटभर ठेवलं, मापून ठेवलं, सासूबाईंना दिसेल असं. मला रीत येते हे त्यांना कळायला हवं होतं. जावेनं तो घोट कढीपत्त्याला घातला. सासूबाईंनी चष्म्याआडून पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. ती मान मी ओळखते. मीही मागच्या दारी बसून तशीच वळवत असे.

मी पळत निघाले. फाट्यावर ड्रायव्हर नवा होता, हॉर्नवर हात ठेवून बसलेला. जुना कंडक्टर दारात उभा राहून त्याला सांगत होता, "थांब न बाप्पा. दोनदाची हाय ते, आली पाह्य."

मी चढले, खिडकीची जागा मिळाली. तिकीट काढलं आणि मांडीवर हात ठेवले तेव्हा कळलं की शंकरपाळ्यांचा डबा पुन्हा घरीच राहिला. हसूही आलं आणि डोळेही भरले. मला हवं होतं ते मिळालं होतं. पण तोंडात त्या पाण्याची चव होती आणि ती जात नव्हती. पाणी गार होतं, वाळा घातलेलं. तिनं ते माठातलं काढलं होतं. मी सासूबाईंना दिलं होतं ते नळाचं होतं, कोमट. बाभुळगाव येईपर्यंत मला तेच सलत राहिलं.